मामाचं रक्त

खुर्चीत बसून घरभर हुकूम सोडायचा, म्हणून सगळे त्याला राजे म्हणत. पाय दहाव्या वर्षीच गेले होते. स्नायूंचा आजार, आईच्या रक्तातून आलेला. हात मात्र अजून चालत. खिडकीशी टेबल लावून तो बंद पडलेले मोबाइल दुरुस्त करायचा, आणि जिभेला तर कसलाच आजार नव्हता! हल्ली हातातून स्क्रू-ड्रायव्हर निसटायचा, तेव्हा स्क्रू-ड्रायव्हरलाच शिव्या घालायचा.

ताईला दिवस गेले आणि राजेंना आभाळ ठेंगणं झालं. रोज संध्याकाळी ताईनं फोन पोटाला लावायचा आणि यानं बोलायचं. "ऐकतोस का रे लबाडा? मामा बोलतोय. बाहेर आलास की तुला मांडीवर घेऊन खुर्ची पळवतो बघ. आईला सांगू नकोस!" पलीकडे ताई हसून हसून बेजार व्हायची.

आजार बाळात उतरलाय का हे बघायचं, तर आधी राजेंचं रक्त हवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "प्रत्येक घराण्यात दोष वेगळ्या जागी असतो. यांच्यात तो कुठे आहे ते कळलं, की बाळात तिथेच शोधता येईल."

ताई ओशाळली. "तुला नको वाटत असेल तर राहू दे."

"राहू दे काय? बाटलीभर घ्या! भाचा धडधाकट आहे हे एकदा कळू दे," असं म्हणत त्यानं हात पुढे केला. आणि तसं नाही निघालं तर? एवढी शहाणीसुरती माणसं, पण तो विचार करायची एकाचीही छाती झाली नाही.

बाळाच्या तपासणीचा निकाल आईच्या मोबाइलवर आला. आईनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि राजेंच्या उशीचा अभ्रा बदलायला घेतला. तो सकाळीच बदललेला होता. राजेंना कळायचं ते कळलं.

"आई, माझ्या वेळी ही तपासणी असती तर?"

आई म्हणजे एकाला दोन ऐकवणारी बाई. 'काहीतरीच काय विचारतोस' म्हणून ती झटकून टाकेल असं त्याला वाटलं. पण ती अभ्रा हातात धरून खाटेवर बसली.

"पाडलं असतं," ती म्हणाली. "तुला ओळखत नव्हते ना रे तेव्हा."

मग त्याचं डोकं छातीशी धरून हमसून हमसून रडली. खरं बोलली म्हणून त्याला बरं वाटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "उद्या दवाखान्यात जायचंय. तुझं सगळं जवळून बघितलंय रे मी. आईइतकं बळ नाही माझ्यात. रागावलास?"

"नाही गं."

हे खोटं नव्हतं. दोष तरी कुठल्या तोंडानं द्यायचा? झोपेत कूस बदलायची तर त्याला आईला हाक मारावी लागायची. आणि तरी त्याला जगायचं होतं, हावरटासारखं जगायचं होतं. हे ताईला सांगून तिच्या जिवाला आणखी घोर कशाला लावायचा?

"एकदा बोल त्याच्याशी," ताई रडत म्हणाली. "लावते फोन."

कापडाची खसखस ऐकू आली. घरभर हुकूम सोडणाऱ्या माणसानं फोन दोन्ही हातांनी धरला.

"ऐकतोस का रे लबाडा," तो म्हणाला. "मामा बोलतोय. तू कुठे सापडशील, ते मीच सांगितलं रे त्यांना."