पिवळ्या मथळ्याची फाईल

साडीच्या दुकानात तीन वर्षं याद्या केल्या की माणसाला एक खोड लागते. फाईल पाठवायच्या आधी सजवायची, रकाने ताणायचे, मथळा पिवळा करायचा. रिंगरोडच्या मार्केटात सुषमाची यादी म्हणून माझ्या याद्या ओळखल्या जायच्या. तीच खोड घेऊन मी एमएस्सीला आले आणि तोंडाला काळं फासून बसले.

नितीन सरांची चार हजार ताऱ्यांची यादी खगोलशास्त्रात चालणाऱ्या फिट्स फाईलमध्ये होती. तिच्यात कुठल्या रकान्यात कसला आकडा बसणार ते आधीच ठरलेलं असतं. माझ्यासोबत काम करणाऱ्या नवागामच्या भिकनने तिच्यातून साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली मजकुराची फाईल, काढली. "एक्सेलमध्ये उघडू नका," सर दहादा म्हणाले होते. पण जित्याची खोड! ताऱ्यांचे एकोणीस आकडी नंबर वेडेवाकडे दिसले, मी ते सरळ केले. मथळा पिवळा केला, ती एक्सेल फाईल लॅबच्या संगणकावर ठेवली, आणि तिची परत सीएसव्ही करून भिकनला दिली. अहो, एक्सेल पंधराच आकडे धरतं! शेवटच्या चारांची शून्यं झाली.

भिकनने विश्वासाने ती वेधशाळेला पाठवली. तिथे तारे जुळेनात. फाईल भिकनच्या नावाने गेलेली, म्हणून सरांनी त्यालाच धरलं. "वेधशाळेच्या दौऱ्यातून तुझं नाव कापलं."

त्याच्या आईने, मंगलाबाईंनी, लूमच्या कारखान्यात पाळ्या करता करता त्या दौऱ्यासाठी त्याला स्वेटर विणला होता. मला ठाऊक होतं. सर त्याला बोलत होते तेव्हा मी तिथेच उभी होते, आणि मी वहीत मान घातली.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तरी आज, दौऱ्याची नावं पक्की व्हायच्या दिवशी, मी लॅबमध्ये लवकर गेले ती कबूल करायला नाही, माझी पिवळी फाईल पुसायला. इतकी मी नीच! फाईल सापडेना.

"ताई, ती मी त्याच दिवशी पुसली," मागून भिकन म्हणाला. "सरांनी पिवळा मथळा पाहिला असता तर तुम्हाला लगेच ओळखलं असतं." मग खाली बघून हळूच घरच्या अहिराणीत बोलला, "माले वाटनं, तुम्ही सोताच सांगशात."

धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तशीच उठले आणि सरांच्या केबिनचं दार लोटलं.

"सर, भिकनचं नाव घाला, माझं कापा. ती शून्यं माझी आहेत."