सूर्यातलं घड्याळ

एकल चित्रप्रदर्शन भरवायचं तर आधी चित्रं हवीत. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात शिरली तेव्हा हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि रायपूरच्या कमलिनी मॅडमनी येते म्हणून कळवलंही होतं. मॅडमची रायपूरला गॅलरी आहे. त्यांना पसंत पडलं तर हेच प्रदर्शन तिथं लागणार होतं. आणि माझी चांगली चित्रं? ती सगळी नातेवाइकांच्या भिंतींवर!

याला कारण आमचे बाबा. पोलाद कारखान्याच्या रोलिंग मिलमधून रिटायर झालेले भय्याजी म्हटलं की आमचं अख्खं स्मृति नगर ओळखतं. कुणाचं लग्न असो की गृहप्रवेश, बाबा माझ्या खोलीत शिरणार, जे चित्र वाळलेलं दिसेल ते चमकीच्या कागदात गुंडाळणार आणि आहेर करून मोकळे होणार. मी चिडले की म्हणायचे, "आम्रपाली, तू तं घरचीच फॅक्टरी हायस. दुसरं काढ."

मग काय, बाबांना स्कूटरवर मागं बसवलं आणि वसुलीला निघाले.

अहिवाऱ्याला जानराव मामांनी माझ्या 'चुनखडीची खाण'मागं एसीच्या पाइपचं भोक लपवलं होतं. एसी काही आजतागायत आलेला नाही.

"चित्र तं नेशील, पन भोकाचं काय? पाली येतात ना बाई!"

शेवटी बाबांनी स्वतःचा चौकड्यांचा रुमाल त्या भोकात कोंबला. मामा मागं सरून बघत म्हणाले, "हेबी बरंच दिसून रायलं."

माझं सगळ्यात लाडकं चित्र रसमड्याला होतं, भीमाबाई आत्याकडे. नाव 'संध्याकाळची पाळी'. प्लांटच्या धूर ओकणाऱ्या चिमण्या आणि त्यांच्यामागं मोठा लाल सूर्य. त्या एका लालसाठी मी दोन महिने खपले होते. आत्याच्या घरात पाऊल टाकलं आणि जागीच थिजले. सूर्याला काटे फुटले होते. कडेनं बारा आकडे, मधोमध भोक आणि त्यातून टिकटिक.

"आत्या! हे काय?"

"घडी," आत्या शांतपणे म्हणाली. "गोल तं तू काढूनच ठेवला होता."

त्यानंतर मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आत्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि अट घातली. चित्र न्यायचं तर घडीसकट, आणि सोबत ती स्वतः येणार. मी मान हलवली. हॉलमध्ये गेल्यावर गुपचूप काढून टाकीन, असा विचार करून पिशवीत पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, टाकला.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबा प्लांटमधलं जुनं पिवळं हेल्मेट घालून हजर. "कोई भी आदमी लोड के नीचे नहीं आएगा!" असा आरडाओरडा करत त्यांनी चित्रं टांगून घेतली. लोड म्हणजे माझं दोन फुटी चित्र. पण ऐकतंय कोण? ज्याच्या घरून चित्र आलं तो त्याच्याखाली ठाण मांडून बसला होता. मामा येईल त्याला कौतुकानं सांगत होते, "याच्यामांगं आमचं भोक हाय." आत्यानं तर सूर्याखाली खुर्चीच टाकली होती, त्यामुळे माझा पेचकस पिशवीतच राहिला.

कमलिनी मॅडम आल्या. एकेक चित्र बघत सूर्यापाशी थांबल्या, खूप वेळ थांबल्या. तेवढ्यात सूर्यानं टणाटण पाच टोले दिले.

"बहुत सुंदर," मॅडम म्हणाल्या. "रायपुर में सबसे पहले यही लगाऊँगी. बस, ये घड़ी निकाल दो."

माझ्या मनातलंच बोलल्या! मी पेचकस काढला. "आत्या, जरा सरक."

मला वाटलं, आता भांडेल. ती निमूट उठली.

"काढ. तुहं चित्र हाय," ती म्हणाली. "घरचे सगळे म्हने, घडी दरवाज्यावर लाव. पन माई नजर तं दिवसभर याच्यावरच असते. मंग घडी दुसऱ्या भिताडावर कावून लावू?"

मी पेचकस धरून तशीच उभी. माझ्या चित्रांबद्दल इतकं चांगलं आजवर कुणीच बोललं नव्हतं. मला रडू आलं, आणि या बाईमुळं आलं म्हणून रागही आला.

"मॅडम, घड़ी रहेगी," मी म्हणाले. "रायपुर हो, ना हो."

मॅडमनी सूर्याकडे पाहिलं, मग आपल्या मनगटाकडे. "लेकिन ये तो दस मिनट आगे है."

"पुढंच ठेवली हाय," आत्या म्हणाली. "नाहीतं गाडी सुटते ना."

मॅडम खो खो हसल्या. "ठीक है. रायपुर भी ऐसे ही जाएगी. पर कार्ड पर लिखना पड़ेगा."

मी चित्राखालचं कार्ड काढलं आणि नव्यानं लिहिलं : संध्याकाळची पाळी. अ‍ॅक्रिलिक, कॅनव्हास आणि एक पेन्सिल सेल.

आत्यानं माझ्या खांद्यावरून वाकून अक्षर न् अक्षर वाचलं.

"सेल माहा हाय," ती म्हणाली. "तेबी लिव."

लिहिलं.