काकूंचा आवाज कुठे गेला

आमच्या दुकानात दादा बोलतो आणि मी ऐकते. गाडीत कुठले स्पीकर आणि कुठला अँप्लिफायर घ्यायचा हे गिऱ्हाइकाला पटवणं त्याचं काम, आणि ते बसवून आवाज जुळवणं माझं. मागच्या खोलीत माझं टेबल आहे. त्यावर सोल्डरिंग आयर्न, मीटर आणि तारांचा गुंता. ते टेबल दोन वर्षं दादाच्या डोळ्यांत खुपत होतं, कारण तेवढ्या जागेत सीट कव्हरचे तीन रॅक मावतात आणि सीट कव्हर बसवायला कुणाचे कान लागत नाहीत.

त्याला निमित्त हवं होतं. ते फुटपट्टीकाकांनी दिलं.

काका नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. चालतात सरळ रेषेत, बोलतात मोजून, म्हणून हे नाव मी ठेवलं. त्यांची मागणी एकच होती. काकूंनी तरुणपणी एका कार्यक्रमात गायलेल्या गाण्यांचं रेकॉर्डिंग नव्या गाडीत नीट ऐकू आलं पाहिजे. मोठे, दणदणीत स्पीकर द्यावेत म्हणून दादा मागे लागला होता, पण मी हट्टाने गळा स्वच्छ ऐकवणारे निवडले आणि त्यांना साजेसा छोटा अँप्लिफायर. जुनं रेकॉर्डिंग ते. गाणं डाव्या बाजूला, व्हायोलिन उजव्या. दोन्ही बाजू मी अशा जुळवल्या की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली.

चौथ्या दिवशी काका परत आले. "ही मागच्या खोलीत बसून गातेय असं वाटतं," म्हणाले. दादाने माझ्याकडे एक कटाक्ष टाकला आणि मोठा अँप्लिफायर बसवला. आठवड्याने काका पुन्हा हजर. आता व्हायोलिन अंगावर येत होतं आणि काकू आणखीच मागे गेल्या होत्या. दादाने त्याहून मोठा बसवला, तो सीटखाली मावेना म्हणून डिकीत. तिसऱ्यांदा काका आले तेव्हा गाडीच्या काचा थरथरत होत्या आणि काकूंचा पत्ता नव्हता.

शनिवारी या, असं सांगून त्यांना पाठवलं आणि दादाने दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"स्पीकर तू निवडलेस," तो म्हणाला. "शनिवारीही त्यांचं समाधान झालं नाही, तर रविवारी तुझं टेबल उचलायचं. पुरे झालं हे कानांचं कौतुक."

मला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. माझ्या निवडीत खोट नव्हती. म्हणजे खोट काकांच्या स्वभावात असणार, असं मी ठरवूनच टाकलं.

शनिवारी काका-काकू दोघं आले. काकू दुकानात बसल्या. मी काकांना स्टिअरिंगमागे बसवलं, स्वतः शेजारी बसले आणि गाणं हळू लावलं. मला काकूंचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आता काय कमी आहे, असं मी काकांना विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. ते समोर बघत बसले. तिसऱ्यांदा विचारताना माझ्या बोलण्याला धार आली होती, तरी हे आपले ढिम्म. माझं डोकंच फिरलं. दार आपटून उतरले, वळसा घालून त्यांच्या खिडकीशी गेले आणि भांडायच्या तयारीने तेच विचारलं.

"हिचा आवाज कमी आहे," काका लगेच, अगदी अदबीने म्हणाले.

माझा सगळा राग जागच्या जागी विझला. खिडकीत वाकून मी हळूच विचारलं, "काका, डावा कान?"

त्यांनी आधी दुकानाकडे पाहिलं. "सहा महिने झाले. आजारपणात गेला. हिला सांगितलेलं नाही. हिला वाटतं, मी लक्ष देत नाही."

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस आम्ही भावंडं एका कानाच्या माणसाला दोन कानांचा आवाज देत होतो. उजव्या दारातलं व्हायोलिन त्यांच्या चांगल्या कानाशी, आणि काकू बंद कानाच्या पलीकडे. अँप्लिफायर जितका मोठा, तितकं व्हायोलिन मोठं. डावं-उजवं वेगळं ठेवण्यात आमच्या धंद्याची सगळी शान. ते एक करायचं आमच्या स्वप्नातही येत नाही.

मी अर्धा तास मागून घेतला. डिकीतलं धूड काढलं, छोटा अँप्लिफायर परत बसवला. टेबलावर बसून चार रेझिस्टर जोडले आणि दोन्ही बाजू एकत्र करून मगच अँप्लिफायरला दिल्या. आता प्रत्येक स्पीकरमधून गाणंही येणार होतं आणि व्हायोलिनही. उजव्या बाजूचा छोटा स्पीकर काकांच्या कानाकडे वळवला. दादा कमरेवर हात ठेवून बघत होता. नव्या गाडीत कुणी डावं-उजवं एक करून मोनो करतं का, लोक हसतील, असं काहीबाही बोलला.

काकूंना काकांच्या शेजारी बसवून मी काकांच्या मागे बसले. दादा खिडकीशी उभा. व्हायोलिनचे चार सूर झाले आणि काकूंचा विशीतला आवाज आला. काकांचा हात आवाजाच्या बटणाकडे गेला. वाढवणार, मला वाटलं, गेलं आपलं टेबल.

त्यांनी आवाज कमी केला. मग आणखी कमी केला. मला पुढे झुकावं लागलं, पण काकांना तेवढा पुरत होता.

कडवं संपल्यावर ते काकूंकडे वळले. "माझा हा कान गेलाय. सहा महिने झाले. तू इकडून बोलतेस ते मला ऐकूच येत नाही."

"म्हणजे मी सहा महिने बंद कानाशी भांडतेय," काकू म्हणाल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग उतरून मागचं दार उघडलं. "ऊठ गं. यांच्या मागे, उजव्या कानाशी मी बसते. इथून बोललेलं सगळं ऐकू जाईल यांना."

गाडी वळणापलीकडे गेली तरी काकूंचं बोलणं चालूच असणार, याची मला खात्री होती.

इतक्यात एक जीपवाला आला आणि दुकानातला सगळ्यात मोठा अँप्लिफायर मागू लागला. दादाने सवयीने तोंड उघडलं, मिटलं.

"यंत्राचं नंतर बघू," तो म्हणाला. "आधी आत जाऊन माझ्या बहिणीला भेटा. तुम्हाला काय ऐकायचंय, कसं ऐकू येतं, ते ती विचारेल. तिच्या टेबलाशी खुर्ची आहे, बसा."

माझ्या टेबलाशी गिऱ्हाइकासाठी खुर्ची कधीच नव्हती. दादाने काउंटरमागची स्वतःची खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली.