बेडूक गटातले घड्याळजी

सदुसष्टाव्या वर्षी माणसाने काय शिकावं याला काही नियम नाही, पण शिकताना कुणाच्या नजरेस पडू नये एवढी तरी अक्कल असावी. आपल्या घड्याळजींना ती नव्हती. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बरोबर चारला, वसाहतीच्या क्रीडा केंद्रातल्या छोट्या तलावात, कमरेएवढ्या पाण्यात, डोक्याला पिवळी रबरी टोपी चढवून ते अकरा पोरांच्या रांगेत उभे राहत. पोरं सहा-सात वर्षांची. गटाचं नाव बेडूक.

केंद्राचा यात काही दोष नव्हता. तिथे सगळ्यांसाठी सगळं होतं. दारातल्या फळ्यावर खडूने यादीच लिहिलेली असे: सकाळी रांगत्या बाळांच्या गादीवर कोलांट्या, मग दोरीवरच्या उड्या, दुपारी माडीवर ज्येष्ठांसाठी खुर्चीवरचा व्यायाम, संध्याकाळी टेबल टेनिस आणि नाच. फक्त पोहण्याच्या वर्गात वय विचारत नसत, येतं काय ते विचारत. ज्याला काहीच येत नाही तो बेडूक, मग तो पहिलीतला असो की पेन्शनीतला.

घरी त्यांनी सांगितलं होतं की आपण खुर्चीच्या वर्गाला जातो. पहिल्याच दिवशी ओल्या केसांनी घरी आले तेव्हा बायकोने वर्तमानपत्रातून मान वर केली.

"खुर्ची ओली होती वाटतं," ती म्हणाली आणि पुन्हा वाचायला लागली.

आता हा उद्योग कशासाठी, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी बायको गुडघेदुखीसाठी म्हणून मोठ्या तलावात जायला लागली. गुडघे राहिले बाजूला, बाई मासोळीच झाली. केंद्रात तिला सगळे मासोळीकाकूच म्हणत. मागच्या वर्षी जोडीच्या फळीशर्यतीत ती उतरली. या शर्यतीत एका स्त्रीने आणि एका पुरुषाने एकच तरंगती फळी धरून पाय मारत मोठा तलाव पार करायचा असतो. तिचा जोडीदार कोण, तर निवृत्त पोस्टमास्तर! छाती कपाटाएवढी, टोपी निळी. दोघांचा दुसरा नंबर आला आणि फोटो केंद्राच्या भिंतीवर लागला. फोटोत बायको तोंड उघडून हसत होती, पार मागच्या दाढा दिसेपर्यंत.

घड्याळजी त्या फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले होते. आपण हिला असं कधी हसवलं, ते काही केल्या त्यांना आठवेना. तेव्हापासून ते पोस्टमास्तरांना पाण्यात पाहत होते, आणि तेही रोज सकाळी, तलावाच्या काठावरच्या बाकावर बसून, मांडीवर बायकोचा टॉवेल घेऊन.

यंदाची शर्यत रविवारी होती. नावं द्यायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत. मोठ्या तलावात उतरायला मनगटावर हिरवा पट्टा लागतो, आणि हिरवा पट्टा मिळवायला छोट्या तलावाची रुंदी पार करावी लागते, तोंड पाण्यात घालून, श्वास पाण्यात सोडत. पोस्टमास्तरांनी बायकोला आधीच विचारलं होतं. ती "शुक्रवारी सांगते" एवढंच म्हणाली होती, हे घड्याळजींनी बाकावरून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे जे काय करायचं ते शुक्रवारच्या आत.

पाय त्यांना जमले. हात जमले. तरंगणंही जमलं. घोडं अडलं ते श्वासापाशी.

"काका, सोडा श्वास! बुडबुडे काढा!" शिट्टीताई काठावरून ओरडायची. ही त्यांची शिक्षिका. वयाने त्यांच्या मुलीहून लहान, पण शिट्टी गळ्यात पडली की फौजदार.

श्वास सुटायचाच नाही. घड्याळजी पाण्यात तोंड घालायचे आणि तसेच राहायचे, ओंडक्यासारखे. एकदा तर ते एवढा वेळ राहिले की जीवरक्षकाने बुटांसकट उडी मारली आणि त्यांना काखेत धरून काठावर ओढलं. पोरं तोवर मोठ्याने आकडे मोजत होती. एकाहत्तरपर्यंत पोचली होती आणि मध्येच खेळ मोडला म्हणून जीवरक्षकावर चिडली.

"मी बुडत नव्हतो हो," घड्याळजी ओशाळून म्हणाले.

"मग करत काय होतात?" शिट्टीताईने विचारलं.

"थांबलो होतो."

हळूहळू उलगडा झाला. एकेचाळीस वर्षं घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून, भिंतीकडे तोंड करून काम केलं होतं. उघड्या घड्याळावर श्वास सोडायचा नसतो. सोडलात तर केसाएवढी स्प्रिंग उडून जाते, पुन्हा सापडत नाही, आणि तोंडाची वाफ चाकांवर बसून गंज धरतो तो वेगळाच. खाली बघायचं असेल तर श्वास धरायचा, मान वर केली की सोडायचा. हा धडा हाडीमासी इतका खिळला होता की तोंड खाली गेलं की छातीला आपोआप कुलूप लागायचं.

"काका, तलावात स्प्रिंग नाही," शिट्टीताई म्हणाली.

"मला कळतंय हो ताई. फुफ्फुसांना कळत नाही."

तिने सगळे उपाय केले. फुंकर मारायला लावली, गुणगुणायला लावलं, नळीतून बुडबुडे काढायला लावले. काठावर सगळं जमायचं, पाण्यात कुलूप. बुधवारचा वर्ग संपला तेव्हा बेडूक गटातल्या नऊ जणांना हिरवे पट्टे मिळाले होते. शुक्रवारच्या परीक्षेला उरले तीन: घड्याळजी, पाण्याला घाबरणारा एक मुलगा, आणि फटफटी.

फटफटीचे पुढचे दोन दात पडले होते आणि तोंड क्षणभर बंद नसायचं, म्हणून हे नाव. तिला पोहता येत होतं. फक्त ती पाण्यातही बोलायची, मग नाकातोंडात पाणी जायचं आणि परीक्षा बोंबलायची. शुक्रवारी चारला शिट्टीताई पट्ट्यांचा डबा आणायला आत गेली तेव्हा फटफटीने घड्याळजींचा दंड ओढला.

"आजोबा, खेळ खेळूया. पाण्याखाली जाऊन जोरात बोलायचं."

"कुणाशी?"

"ज्याचा राग येतो त्याच्याशी! मी माझ्या दादाला रोज ओरडते. त्याला काहीच ऐकू जात नाही. खूप मज्जा येते."

घड्याळजींनी मान वळवली. समोर, मोठ्या तलावाच्या काठावर, शर्यतीच्या सरावाला त्या दिवशी दुपारीही आलेले, निळी टोपी घातलेले पोस्टमास्तर हात फिरवून अंग मोकळं करत होते आणि शेजारी बायको उभी राहून त्यांना काहीतरी रंगवून सांगत होती. घड्याळजींनी डोळे मिटले, डोकं पाण्यात घातलं आणि पोटाच्या तळापासून ओरडले, "पोस्टमास्तर!"

पाण्याला उकळी फुटली. वर आले तेव्हा छाती पार रिकामी होती. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा तोंड खाली असताना श्वास सुटला होता.

"आजोबा, केवढे बुडबुडे!" फटफटी नाचायलाच लागली. "अजून बोला, अजून बोला!"

शिट्टी वाजली. परीक्षा सुरू झाली. घड्याळजींनी भिंतीला पाय लावून झेप घेतली आणि तोंड पाण्यात जाताच सुरुवात केली, "अहो पोस्टमास्तर, हे पत्र तुमच्या पत्त्यावर नाही!" मान वर, श्वास आत, मान खाली. "बायको माझी आहे, तिकीट लावून पाठवलेली नाही!" मान वर, मान खाली. "छाती मोठी म्हणून काय झालं, टोपी बघा आधी आरशात!" प्रत्येक वाक्याला हातभर अंतर कापलं जात होतं. अर्ध्यावर शिव्या संपल्या. घड्याळजी सभ्य गृहस्थ, साठा मुळातच तुटपुंजा. मग ते खरं बोलायला लागले. "मला तिला हसवायचंय!" ते पाण्याला म्हणाले. "मला येत नाही, पण मला शिकायचंय!"

डोकं भिंतीवर आपटलं, तेव्हा कळलं की तलाव संपला.

मग जो कल्ला झाला तो विचारू नका. शिट्टीताई शिट्टी वाजवायची सोडून टाळ्या वाजवत होती. पट्टे मिळालेले नऊ बेडूक काठावर उड्या मारत होते. माडीवर खुर्चीचा वर्ग चालू होता, तिथली सगळी म्हातारी मंडळी खुर्च्या सोडून खिडकीला लटकली. जीवरक्षकाने या वेळी बूट काढून ठेवले होते, तरी आनंदाच्या भरात तो विनाकारण पाण्यात पडला. पोस्टमास्तरही दिलखुलास टाळ्या वाजवत होते, आणि ते बघून घड्याळजींना जरा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बायको काठाशी येऊन उभी राहिली.

"खुर्चीचा व्यायाम छान जमतोय," ती म्हणाली.

घड्याळजींनी चष्म्याशिवाय तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. नाकातून पाणी गळत होतं. "अगं, रविवारी... ती फळी... म्हणजे तुझा काही ठरलेला विचार नसेल तर..."

"आधी नाक पुसा," ती म्हणाली, टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला आणि नाव द्यायला ऑफिसकडे गेली. ती गेली ती जवळजवळ पळतच, गुडघ्यांसकट.

रविवारी आठ जोड्या होत्या. पोस्टमास्तरांना नाचाच्या बाई जोडीदार मिळाल्या होत्या. शिट्टी झाली आणि सात फळ्या सुसाट सुटल्या. आठवी रमतगमत निघाली. घड्याळजी जीव मुठीत धरून पाय मारत होते, फळीच्या पलीकडे बायकोचा चेहरा वीतभर अंतरावर.

"परवा पाण्यात काय बडबडत होतात?" तिने विचारलं.

खोटं सुचायला सवड नव्हती. त्यांनी सांगितलं. पत्र, पत्ता, तिकीट, टोपी, सगळं.

बायकोने आधी ओठ दाबले. मग तिच्या गळ्यातून बारीक शीळ निघाली, आणि मग ती अशी हसायला लागली की फळी उलटली, दोघं बुडाली, खोकत वर आली, तरी ती हसतच होती. मागच्या दाढा दिसत होत्या. घड्याळजी त्या मोजू शकले असते.

"अहो," ती धापा टाकत म्हणाली, "पोस्टमास्तरांचं कानातलं मशीन पाण्यात काढून ठेवावं लागतं. त्यांना अक्षर ऐकू येत नाही. वर्षभर मी पालथ्या घड्यावर पाणी ओततेय!"

"मग त्यांच्याशी बोलायचीस कशाला?"

"बोलायचं साठलं होतं म्हणून." आता ती हसत नव्हती, पण चेहऱ्यावर हसू होतं. "दुकानात चहा घेऊन यायची तेव्हा काहीतरी सांगायचं असायचं. तुमचं घड्याळ उघडं असायचं. झाकण लागेपर्यंत थांबायची, तोवर चहा थंड व्हायचा आणि मी विसरून जायची. घरी आलात की तुम्ही दमलेले. एकेचाळीस वर्षांचं साठलंय. म्हटलं, निदान मोठ्याने बोलून तरी टाकावं."

"मला नुसतं ऐका म्हणायचंस," असं घड्याळजी म्हणणार होते, पण म्हणाले नाहीत. इतकी वर्षं पाठ कोणी फिरवली होती ते त्यांना माहीत होतं.

"मला सांग," ते म्हणाले. "अगदी पहिल्यापासून."

सात जोड्या पोचल्या. पहिल्या तीन जोड्यांना बिल्ले मिळाले, फोटो निघाला, पुढच्या शर्यतीची मुलं काठावर रांग लावून उभी राहिली. शिट्टीताईने दोनदा शिट्टी फुंकली. आठवी फळी तलावाच्या मधोमध होती आणि तिथून बायकोचा आवाज येत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शेजारीण काय म्हणाली होती, ते ती अगदी तपशिलात सांगत होती.

"काका, लवकर! तलाव रिकामा करायचाय!" शिट्टीताई ओरडली.

"थांबा हो ताई," घड्याळजींनी मान न वळवता उत्तर दिलं. "आम्ही अजून दुसऱ्या वर्षाला पोचलेलो नाही."