कुठल्या गाण्याला किती मिनिटं

सोमवारी बारा मिनिटं एकोणीस सेकंद. मंगळवारी अकरा चव्वेचाळीस. बुधवारी पुन्हा बारा सतरा. सुगंधाला यातलं काही कळत नव्हतं. पाय तेच, मुलुंडचं मैदान तेच, पहाटेची साडेपाचची वेळ तीच, आदल्या रात्रीचं जेवणही भात आणि सुक्या बांगड्याचं तिखलं, तेच. मग एका दिवसात पस्तीस सेकंद येत होते कुठून आणि दुसऱ्या दिवशी जात होते कुठे?

तिच्या वडिलांना मात्र कळलं होतं. "गाण्याचा खेळ आसा ह्यो," सीताराम सायकल स्टँडवर लावत म्हणाले. "सिनेमाच्या गाण्यार तू मंद. भजनार तू पळतंस. वही बघ."

वहीत तीन रकाने होते. वार, गाणं, वेळ. सीताराम वीस वर्षं गिरणीच्या साळखात्यात साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली ती पडली, पण साच्याची खटखट कानातून गेली नाही. साचा मिनिटाला एकशे ऐंशी फटके मारतो आणि पळणाऱ्याची पावलंही मिनिटाला तेवढीच पडायला हवीत, हा त्यांचा स्वतःचा शोध होता. ताल कानात घाला, पाय आपोआप बसतील. म्हणून मेहुण्यानं मस्कतहून आणलेला टू-इन-वन टेपरेकॉर्डर ते सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधत, आवाज पूर्ण सोडत आणि मुलीच्या बरोबरीनं मैदानाला साडेसात चकरा मारत. तीन हजार मीटर. पन्नाशीचा माणूस, धोतर नाही, लेंगा. पण सायकल एकदाही मागे पडली नव्हती.

बारा मिनिटांच्या आत तीन हजार मीटर. ही अट भांडुपच्या औषध कंपनीची होती. सुगंधा त्याच कंपनीत पॅकिंगला होती, पण टेंपररी. तीन महिने काम, मग ब्रेक, मग गेटवर उभं राहून पुन्हा नाव लागायची वाट बघायची. अशी चार वर्षं गेली होती. आता कंपनीला कारखान्यांच्या स्पर्धेसाठी मुलींची टीम हवी होती आणि दोन मुलींना पर्मनंट करणार होते. चाचणी रविवारी. बारा मिनिटांच्या आत येणाऱ्यांतल्या पहिल्या दोघी आत, बाकीच्यांनी ब्रेक संपला की गेटवर यायचं.

त्यामुळे पस्तीस सेकंदांचा प्रश्न सुगंधाच्या दृष्टीनं साधा नव्हता. अकरा चव्वेचाळीसची सुगंधा पर्मनंट होती आणि बारा एकोणीसची टेंपररी. आणि दोघी एकाच चाळीत, एकाच चटईवर झोपत होत्या.

"पण बाबा, उलटं कसं?" तिनं विचारलं. "ते सिनेमाचं गाणं केवढं फास्ट आहे. भजनाची सुरुवात तर आरामात असते."

"पुढे गजर लागता ना! डबलबारीचो गजर. बुवा चढत जाता, तसे पाय चढतत."

हे तिला पटायचं आणि पटायचंही नाही. भजनाची कॅसेट बाबांनी गेल्या गणपतीत नाहूरला झालेल्या डबलबारीत, दोन बुवांच्या भजनी सामन्यात, स्वतः पुढे बसून भरली होती. पखवाज, झांजा, मधूनच कुणाचं तरी खोकणं. ती लागायची मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी, कारण गणपती, दत्त आणि मारुती यांच्या वारी घरात दिवस भजनानंच सुरू व्हायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार सिनेमाच्या गाण्यांचे. रविवारी सुट्टी. मग शेजारच्या राधाकडून आणखी दोन कॅसेट आणून झाल्या. बुधवारी नवं नाचाचं गाणं, शुक्रवारी दुसरं. वेळ बारा चौदा, बारा अठरा. गुरुवारी भजन, अकरा सत्तेचाळीस.

राधा कंपनीत तिच्याच टेबलावर बाटल्यांना लेबलं लावायची. ती हसून लोळायची तेवढी राहिली. "अगं, सगळं जग त्या गाण्यांवर नाचतंय आणि तू झोपतेस! म्हातारी झालीस यार तू. उद्या कीर्तन लाव, वर्ल्ड रेकॉर्ड होईल."

"हस तू. पर्मनंट झाले ना की तुझ्याकडे बघणार पण नाही."

"रविवारी सिनेमाचं गाणं आठवू नकोस म्हणजे झालं. नाहीतर वाट लागली."

ते राधा गमतीनं बोलली, पण सुगंधाच्या डोक्यात ते घुसून बसलं. बसथांब्यावर पानवाल्याच्या रेडिओवर ते नाचाचं गाणं लागलं की ती कानांवर हात ठेवायची.

शुक्रवारी दुपारी सीताराम वॉचमनच्या ड्युटीवरून लवकर घरी आले. पाणी प्यायला ओटीवर उभे राहिले आणि त्यांची नजर समोरच्या न्हाणीच्या पत्र्यावर गेली. तिथे टू-इन-वनचे सहा मोठे सेल ओळीनं उन्हात मांडले होते, कुरडया वाळत घालाव्यात तसे.

"मालन! ह्ये सेल कोणी ठेवले?"

"मी," आतून सुगंधाची आई म्हणाली. "उन्हात तापवले काय परत चलतत. सहा सेल दर पंधरवड्याक कोण आणतलो?"

"कधीपासून घालतंस?"

"तुम्ही ह्या पळण्याचा सुरू केलात तेवापासून. सोमवार, बुधवार, शुक्रवार. बाकीच्या दिवशी मी कामाक जातंय, पोळ्या लाटूक. तेवा कोण बघतलो? संध्याकाळी परत मशिनीत घालून ठेवतंय."

सीतारामांनी भांडं खाली ठेवलं. मग वही काढली. संध्याकाळी सुगंधा कामावरून आली तेव्हा ते वहीसमोर तसेच बसलेले होते. त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारी उन्हात तापलेले सेल मंगळवारी पहाटे ताजे. मंगळवारच्या चकरांत आणि संध्याकाळी गजर ऐकता ऐकता ते उतरत, बुधवारी पहाटे टेप ओढल्यासारखी चाले. बुधवारी पुन्हा ऊन, गुरुवारी पुन्हा ताजे. भजनाच्या दिवशी सेलात जीव असायचा आणि सिनेमाच्या दिवशी नसायचा.

"म्हणजे गाणंच हळू वाजत होतं?" सुगंधा म्हणाली. "मग तुम्हाला ऐकू नाही आलं? तुम्ही तर साच्याचा फटका मोजून सांगता."

सीतारामांनी वही मिटली. "सिनेमाची गाणी मी खय ऐकतंय," ते म्हणाले. "माका वाटला तीच तशी."

हे ऐकल्यावर सुगंधाला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिचा गोंधळ वाढला. सेल खराब होते, म्हणजे बारा एकोणीस ही तिची वेळ नव्हती. पण मग अकरा चव्वेचाळीस तरी तिची होती का, की ती तापलेल्या सेलांची होती? तिची स्वतःची वेळ कुठली, हे वहीतल्या एकाही ओळीवरून सांगता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी सीतारामांनी सहा नवेकोरे सेल घातले आणि मारुतीचा वार असूनही सिनेमाची कॅसेट लावली. प्रयोग म्हणून. गाणं असं उसळलं की बाजूची कुत्री उठून उभी राहिली. सुगंधा धावली. वेळ आली बारा मिनिटं एक सेकंद.

"एक सेकंद," सीताराम म्हणाले. घड्याळ त्यांनी कानाला लावून बघितलं.

मंद नाही, वेगवान नाही. पर्मनंट नाही आणि म्हटलं तर टेंपररीही नाही. दोघं बापलेक मैदानाच्या कडेला बसून घड्याळाकडे बघत राहिले. तेवढ्यात कंपनीचा टीम मॅनेजर भीमराज चुन्याची बादली घेऊन दुसऱ्या दिवसाच्या रेषा आखायला आला. चाळिशीचा, काटक, कंपनीच्या टर्नर खात्यातला. पूर्वी स्वतः आठशे मीटर पळणारा. त्यानं सायकलवरचा टू-इन-वन बघितला.

"काका, हे काय, वरात काढताय की काय?"

सीतारामांनी सगळं समजावून सांगितलं. साचा, फटके, गजर, सेल. भीमराजनं शांतपणे ऐकून घेतलं.

"झकास," तो म्हणाला. "पण उद्या हे गेटच्या बाहेर. सायकलही बाहेर. ट्रॅकवर गाणं चालणार नाही."

"मी बाहेरसून वाजवीन. कुंपणाकडे."

"काका, बाकीच्या सात मुली काय म्हणतील? एकीच्या बापाचं भजन सगळ्यांनी का ऐकायचं?" मग तो सुगंधाकडे वळला. "तुला काय, गाण्याशिवाय पळता येत नाही का गं?"

"माहीत नाही, दादा," सुगंधा म्हणाली. आणि हे तिनं खरंच सांगितलं. गेले सहा आठवडे ती एकदाही गाण्याशिवाय पळाली नव्हती.

रविवारी सात वाजता आठ मुली चुन्याच्या रेषेवर उभ्या राहिल्या. सुरुवात मैदानाच्या पलीकडच्या बाजूला होती, कारण साडेसात राउंडमधला अर्धा आधी संपवायचा होता. मग दर राउंडला भीमराज इकडच्या रेषेवर उभा राहून वेळ ओरडणार. बाबांनी तिच्याकडून आकडे पाढ्यासारखे पाठ करून घेतले होते. दोन चोवीस, चार, पाच छत्तीस, सात बारा. या आकड्यांच्या आत राहा, बाकी काही बघू नको.

शिट्टी झाली.

पहिल्या अर्ध्या राउंडात सुगंधानं मनात गजर लावून बघितला. तो लागेना. पखवाज सुरू व्हायचा आणि मध्येच सिनेमाचं गाणं घुसायचं, तेही ओढलेलं, सेल उतरल्यासारखं. मग झांजा यायच्या, मग कुणाचं तरी खोकणं. आठ जणींच्या पायांची धपधप वेगळीच, एकीचा दुसरीशी मेळ नाही. कुठल्या पावलावर पाऊल टाकायचं तेच समजेना. घाबरून तिनं पुढच्या मुलीची पाठ धरली. ती चंपा, कांजूरमार्गची, अंगानं भरलेली, श्वास इंजिनासारखा. फू-फू, फू-फू. हा ताल बरा होता. सुगंधानं पाय त्यावर टाकले.

"दोन वीस!" भीमराज ओरडला. छान. पुढच्या राउंडला "तीन पंचावन्न!" त्याहून छान. "पाच चौतीस!" अजूनही आत. चंपाचा श्वास चालू होता, सुगंधाचे पाय चालू होते, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की आता विचार करायला नको.

"सात चौदा!"

सात चौदा. पाठ होतं सात बारा. चंपा मंद पडत होती आणि सुगंधाला ते कळलंच नव्हतं, कारण श्वास तसाच ऐकू येत होता, फक्त दोन फूंमधलं अंतर हळूच वाढलं होतं. पुढे दोन मुली होत्या, बऱ्याच पुढे. चंपाच्या मागे राहिली तर बारा पाच, बारा सात. गेट. ब्रेक.

ती चंपाच्या बाजूनं बाहेर पडली.

आता पुढे कुणाचीच पाठ नव्हती. मनात काही वाजत नव्हतं. आपण जोरात पळतोय की हळू, हे सांगणारं तिच्याजवळ काही नव्हतं. छातीत आग होती, पण आग तर मंद पळतानाही लागते. पुढच्या दोघींतली एक, हिरव्या फ्रॉकवाली, हळूहळू मोठी दिसू लागली. ती मागे येतेय की आपण पुढे जातोय? मग ती बाजूला दिसली आणि मग दिसेनाशी झाली.

रेषेवर आता गोंधळ माजला होता. मागच्या मुली एक राउंड मागे पडल्या होत्या आणि सगळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या. "एक राहिला!" भीमराज कुणाला तरी ओरडला आणि लगेच दुसरीला, "दोन राहिले!" सुगंधा दोघींच्या मधून गेली. तिचा कुठला? गाणी होती तेव्हा तिला मोजावं लागत नव्हतं. कॅसेटच्या बाजूला चौथं गाणं लागलं की शेवटचा राउंड. आता गाणं नव्हतं आणि आकडे सात चौदानंतर कानांवर आलेच नव्हते.

पुढच्या वेळी रेषा आली तेव्हा कुंपणावर बाबा दोन्ही हात हलवत ओरडत होते. भीमराजही ओरडत होता. मघाशी तिचा एक राहिला होता की दोन? तिला ऐकू आलं नाही. एकच धरला आणि दोन असले तर सगळं गेलं. दोन धरले आणि एक असला तर काय जाईल? तिनं दोन धरले. रेषा ओलांडली आणि जास्तच जोरात पळाली. मागून बाबांचा आवाज येत राहिला. तिला वाटलं, पळ म्हणताहेत.

वळणावर तिला पुढची मुलगी दिसेना. मागे वळून बघण्याची तिची हिंमत नव्हती. समोरच्या सरळ रस्त्यावर एक मुलगी चुन्याच्या रेषेच्या आत गवतावर पाय पसरून बसली होती. ती पहिल्या नंबरची उंच मुलगी. ती सुगंधाकडे अशी बघत होती की जणू सुगंधाला काही झालंय.

"अगं थांब!" ती म्हणाली. "तुझे झाले!"

"किती?" सुगंधा धावता धावताच विचारत होती.

"सगळे!"

तरीही ती आणखी पन्नास पावलं पळाली. मग पाय आपोआप चालायला लागले, मग थांबले. सीताराम कुंपणाखालून वाकून आत घुसले होते आणि मैदानाच्या मधून लेंगा धरून येत होते. त्यांच्या पुढे भीमराज, हातात स्टॉपवॉच.

"अकरा बावन्न," तो म्हणाला. "दोन नंबर. आणि वर दीडशे मीटर फुकट. एवढं कुणी मागितलं होतं गं?"

सुगंधा गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

"कशार पळालंस गो?" सीताराम दम लागलेल्या आवाजात विचारत होते. "खयचा गाणा होता? सांग तरी."

"बाबा, कायच नव्हतं."

"असा कसा होईत? काय तरी असतलाच."

"उद्या दहाला ऑफिसात या, मेडिकल आहे," भीमराज म्हणाला. "शाळेचा दाखला आणा."

सुगंधानं मान वर केली. "दादा, अकरा बावन्नच ना? माझेच ना?"

भीमराजनं घड्याळ तिच्यासमोर धरलं. काटा थांबलेला होता. तिनं तो आकडा वाचला, मग बाबांनी वाचला, मग तिनं पुन्हा वाचला.