रखमाजींच्या फोटोला हार

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. खांद्यावर घेऊन चालवायचा, काळा, वजनदार. आजकाल खिशात मावणाऱ्या चपट्या डबीलाही तुम्ही कॅमेरा म्हणता. खुशाल म्हणा.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथले कामगार मला पांढरे हातमोजे घालून हाताळत. मग मी परतूरला कडूबांच्या स्टुडिओत आलो आणि हातमोजे घातलेला हात पुन्हा कधी दिसला नाही. कडूबा हळदीच्या हातांनीच मला उचलत. माझ्या बटणांच्या फटींत ती हळद अजून आहे.

मी लग्नं काढली. परतूर, अंबड, वाटूर, सगळीकडची. माझा मान मोठा होता. मला पाहिलं की नवरदेवाचा बाप पोट आत घ्यायचा. पंगतीतली माणसं घास तसाच गालात ठेवून गंभीर व्हायची. नवरीच्या पाठवणीला तिची मावशी एक डोळा माझ्यावर ठेवून रडायची आणि मी पुढे सरकलो की पानाचा तोबरा भरायची. माणसांबद्दलचं माझं मत तिथेच तयार झालं. ते काही चांगलं नाही.

पुढे भुणभुण करत उडणारा एक किडा आला. त्याला ड्रोन म्हणतात. सगळं वऱ्हाड माना वर करून त्याच्याकडे बघू लागलं आणि कडूबांनी मला कपाटावर टाकलं. मला फार वाईट वाटलं, पण मी कुणाला सांगणार?

एके सकाळी कडूबांची भाची आकांक्षा आली. ती जालन्याला कॉलेजात शिकते. तिला शॉर्टफिल्म करायची होती, आयुष्यातली पहिली. ज्यानं चांगला कॅमेरा द्यायचं कबूल केलं होतं, त्यानं ऐन वेळी हात वर केले होते आणि फिल्म स्पर्धेला पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. जवळ पैसे नव्हते. म्हणून मी!

"मामा, आजच्या दिवस द्या ना," ती म्हणाली.

"ने. पण संध्याकाळी हळदीची ऑर्डर हाय आन् ड्रोनवाला गावाला गेलाय. दिवस मावळायच्या आत बराबर आणून दे."

सोबत अंगद निघाला. कडूबांच्या हाताखाली लग्नं काढणारा. आम्ही वाटूरजवळच्या खेड्यात आकांक्षाच्या चुलत्याच्या घरी गेलो. चुलते रखमाजी, चुलती झुंबरबाई. आकांक्षा त्यांना मोठे बाबा आणि मोठी आई म्हणते. फिल्मची गोष्ट काय, तर एक विधवा नवरा गेल्यावरही रोज दोघांचा चहा करते. ही गोष्ट सुचायला कॉलेजात जावं लागतं, याचं मला नवल वाटलं. विधवेचं काम झुंबरबाईला दिलं होतं, कारण ती पैसे मागणार नव्हती.

अंगदला लग्नाशिवाय काही येत नव्हतं. झुंबरबाई चुलीपुढे बसली की हा सांगे, "काकू, इकडं बघा, जरा हसा." विधवेला हसा! शेजारच्या बायका पदर सावरून तिच्या मागे ओळीनं उभ्या राहिल्या, जणू आहेर द्यायला आल्या होत्या. बाहेर काढलं तर खिडकीत जमल्या. दुपार झाली तरी हाती काही लागलं नाही.

त्यात मेलेल्या नवऱ्याचा फोटो हवा होता. अंगदनं डोकं चालवलं. परक्याचा फोटो लावला तर त्याच्या घरचे भांडायला येतील. त्यापेक्षा घरचाच बरा. त्यानं रखमाजींचा फेटा बांधलेला फोटो उतरवला, स्टुडिओतून आणलेला चंदनाचा हार घातला आणि समोरच्या भिंतीवर टांगला. रखमाजी तेव्हा शेतात कापसाला पाणी देत होते.

झुंबरबाई चहाचं पातेलं घेऊन आली आणि तिथंच थबकली.

"कोण्या मुडद्यानं घातला ह्यो हार? माझा मालक जित्ता हाय!"

"काकू, घरचाच फोटो होता, म्हणून..."

"कुकू पुसायचं म्हणून सकाळपासून माझा जीव खालीवर होऊन राह्यला, आन् वरून ह्ये! मला न्हाई करायचा तुमचा सिनेमा. बिलकुल न्हाई."

ती ओसरीवर जाऊन बसली. आकांक्षा खांबाला टेकून रडू लागली. मुदत जाणार, फिल्म जाणार, हे तिला कळून चुकलं होतं. अंगद माझी काच शर्टाच्या टोकानं पुसत राहिला. त्याला दुसरं काय येणार?

तेवढ्यात रखमाजी जेवायला आले. त्यांनी आपला हार घातलेला फोटो पाहिला. ते जवळ जाऊन निरखू लागले.

"फेटा चांगला दिसून राह्यला," ते म्हणाले.

आकांक्षानं रडतरडत सगळं सांगितलं. रखमाजी बायकोजवळ गेले. "पोरीचं पहिलंच काम हाय. मी समोर बसतो. तू माझ्याकडं बघत पूस."

"आन् काही झालं तर?"

"काही होत न्हाई. जल्दी कर, भूक लागली."

ते माझ्या अगदी शेजारी पोत्यावर बसले. झुंबरबाई दोन कपांपुढे बसली. तिनं पदराच्या टोकानं कुंकू पुसलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. हात कपाळावरच राहिला. समोरचा माणूस खरंच नसेल तर कसं होईल, हे तिला त्या क्षणी दिसलं असावं. तिचे डोळे भरले, पण ती त्यांच्यावरून नजर काढेना. रखमाजीही हलले नाहीत. अंगदनं चक्क तोंड बंद ठेवलं. माणसांबद्दलच्या माझ्या मताला तेव्हा धक्का बसला. मला गलबलून आलं आणि त्याचा रागही आला.

"झालं," आकांक्षा म्हणाली. झुंबरबाईनं आधी कुंकू लावलं, मग तो हार तोडून उकिरड्यावर फेकला.

फिल्म वेळेत गेली. स्पर्धेत तिचा नंबर आला नाही. परीक्षकांबद्दल मी काय बोलू? आकांक्षा स्टुडिओत येऊन म्हणाली, "मामा, कोणाला काही वाटलंच न्हाई. मी न्हाई करणार आता."

आणि मग अंगदनं तेवढाच तुकडा मोबाईलच्या स्टेटसला ठेवला. रखमाजींचा हार घातलेला फोटो आणि कपाळ पुसणारी झुंबरबाई. पुढचं मागचं काही नाही. तो या मोबाईलवरून त्या मोबाईलवर फिरत अंबडच्या नातेवाइकांपर्यंत पोचला.

दुसऱ्या दिवशी अंबडहून नातेवाइकांची जीप भरून आली. रखमाजींची बहीण दुर्गाबाई गावाच्या वळणापासूनच हंबरडा फोडत होती. रखमाजी दारात दात घासत उभे होते. दुर्गाबाई आधी मट्कन खाली बसली, मग उठून भावाच्या पाठीत बुक्क्या मारू लागली.

"मंग वैनी तशी का बघत होती?" ती ओरडली. "वैनीकडं बघून मला खरंच वाटलं!"

आकांक्षा तेव्हा मोठ्या बाबांकडेच आलेली होती. तिला आणखी कुठल्या बक्षिसाची गरज उरली नाही. पुढच्या फिल्मसाठी मला मागायला ती त्याच आठवड्यात आली आणि तिनंच ही हकीकत हसतहसत सांगितली. दुर्गाबाईनं दिवसभर भावाची बाही सोडली नाही म्हणे.

मित्रांनो, तुमच्याकडून मला फारशी अपेक्षा नाही. तरी सांगतो. जीपमधल्या माणसांना आकांक्षानं विचारलं की वर्षभरात मोठ्या बाबांना कुणी फोन केला होता का. सगळे चहाच्या कपात बघू लागले. माणूस मेल्याचं कळलं तेव्हा मात्र यांना जीप मिळाली, वेळ मिळाला, रडूही आलं. तुम्ही तरी हार विकत घेण्याआधी एकदा त्या घरी जाऊन चहा पिऊन या.