चिंध्या बांधलेल्या किल्ल्या

सासूबाई गेल्या तेव्हा आमच्या दारामागच्या खिळ्यांवर अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या लटकत होत्या. ओळखू यावी म्हणून प्रत्येकीला त्या त्या घरातल्या जुन्या कपड्याची चिंधी बांधलेली. पूर्वी कुणाचं पोर शाळेतून लवकर आलं, कुणाचं म्हातारं माणूस आत पडलं, की लोक आमच्याकडे धावत. सासूबाई भरल्या ताटावरून उठायच्या आणि माझं डोकं फिरायचं.

"हे घर आहे की चौकी?" मी विचारायचे. त्या हसून किल्ल्यांना तेल लावत बसायच्या.

आता हे कोण निस्तरणार? किल्ल्या पिशवीत भरून मी परत करायला निघाले.

शेजारची शिंपीण ओशाळली. "अगं, ते कुलूप आम्ही कधीच बदललं. त्यांना सांगायला जीभ रेटली नाही."

पुढे मास्तरांनीही तेच सांगितलं. त्यांच्या पलीकडेही तेच. एकही किल्ली कुणी हातात घेतली नाही. सगळ्यांनी मिळून म्हातारीला बनवलं होतं, आणि वर तोंडं पाडून उभे होते! भरली पिशवी घेऊन मी तणतणत परतले.

सासूबाई कायम घरात, म्हणून आमच्या दाराला कधी कुलूपच नव्हतं. परवा बाहेरगावी जायचं म्हणून ते विकत आणावं लागलं. सोबत दोन किल्ल्या मिळाल्या. दुसरी हातात धरून मी दारात उभी राहिले. गल्लीतली सगळी दारं बंद होती.

मग मीही ती माझ्याच पर्समध्ये टाकली.